मान हलवेपर्यंत

"या माणसाला उद्यापासून शाळेत पाय ठेवू देऊ नका!" मोहनलालशेठ माझ्या टेबलावर हात आपटत म्हणाले.

हा माणूस म्हणजे हितेंद्र, आमचा विज्ञानशिक्षक. समोरच छाती काढून बसला होता. पहूरच्या या शाळेची मी मुख्याध्यापिका, शेठ संस्थेचे अध्यक्ष. उत्क्रांती शिकवता शिकवता हितेंद्रने वर्गात ठोकून दिलं होतं, की आत्माबित्मा काही नसतो, मेलेला माणूस संपतो. शेठची नात चेलना त्याच वर्गात. तिची आजी, म्हणजे शेठची बायको प्रेमकुंवरबाई, दिवाळीतच गेलेली. पोर घरी जाऊन रडली.

मला दोघांचाही संताप आला होता. एकाला खुर्चीचा माज, दुसऱ्याला पुस्तकाचा. वादविवाद स्पर्धेत माझा एक नियम असतो: आधी समोरच्याचं म्हणणं सांगायचं, त्याने होकारार्थी मान हलवली की मगच आपलं.

"आज तो नियम इथे," मी म्हणाले. "नाहीतर याला काढायच्या कागदावर माझी सही मिळणार नाही."

हितेंद्र कुत्सित हसला. "शेठजींना माकडाशी नातं कमीपणाचं वाटतं."

"चूक!" शेठ कडाडले. "आम्हा जैनांत मुंगीलाही जीव असतो, मास्तर. माकड नात्यातलं निघालं तर निघू द्या. देह बदलतो, जीव राहतो, एवढंच माझं म्हणणं."

हितेंद्रची माकडावरची सगळी तयारी वाया गेली. "देह कसाही घडो, जीव वेगळा, तो मरत नाही," तो तुटकपणे म्हणाला. शेठनी मान हलवली. "पण याला पुरावा काय?" हितेंद्रने लगेच विचारलं.

"जीव नाही, असं तुमच्या धड्यात तरी कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"पुरावा नाही ते मानायचं कशाला, मॅडम?"

"आता तुम्ही, शेठजी."

शेठ सावकाश बोलले, एकही शब्द न वाकवता. "मास्तर म्हणतात, लाखो वर्षांत शरीर घडलं, त्यातच मन घडलं. शरीर जळलं की मनही गेलं. म्हणजे प्रेमकुंवर आता कुठल्याच जन्मात नाही. कुठंच नाही. बरोबर?"

हितेंद्रने माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सोडवलं नाही. माझा नियम इतका निर्दय असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

"बरोबर का, मास्तर?"

त्याने खाली बघत मान हलवली.

आता आपली बाजू मांडायची पाळी शेठची होती. ते उठले, टोपी नीट केली.

"या उद्या शाळेत, मास्तर," ते म्हणाले. "चेलनाला घरी मी माझंच सांगणार."