ऐकू आलं तरच दाबा

मित्रांनो, मी एक जुना खटका आहे. लोक मला बटण म्हणतात. म्हणू देत बापडे! पण बटण सदऱ्याला असतं, ते तुटलं तर फार फार तर पोट दिसतं. माझं काम त्याहून मोठं होतं. माणसाला किती ऐकू येतं, हे माझ्यावरून ठरायचं. गंमत अशी, की ज्या आवाजासाठी माझा जन्म झाला तो आवाज मी स्वतः आजवर एकदाही ऐकलेला नाही. तो हेडफोनमधून थेट माणसाच्या कानात जायचा. माझ्या वाट्याला यायचा फक्त अंगठा.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांब टेबलावर झाला. मुठीत मावेल एवढी काळी नळी, वर लाल टोपी, आत स्प्रिंग आणि खाली लांबलचक वायर, एवढाच माझा थाट. टेबलाच्या टोकाला जाड चष्म्याच्या एक मावशी बसायच्या. प्रत्येक खटका त्या दहा वेळा दाबून बघत आणि म्हणत, "चल, लाग कामाला." मला मात्र त्यांनी अकरा वेळा दाबलं. माझ्यात काही खोट वाटली की मी आवडलो, कुणास ठाऊक. आवडलो असं मी धरून चाललो.

तिथून मला एका मशीनला जोडलं आणि आम्ही दोघं एका दवाखान्यात आलो. पहिला मजला, व्हरांड्याच्या टोकाची खोली. त्या खोलीच्या पोटात आणखी एक छोटी खोली होती. तिला जाड दार, भोकाभोकांच्या फळ्यांच्या भिंती आणि दुहेरी काचेची एक खिडकी. दार लावलं की बाहेरचं जग बंद व्हायचं. आत बसलेल्या माणसाला स्वतःचा आवंढासुद्धा ऐकू येई. माणूस आणि मी आत, मशीन आणि बाई बाहेर. बाई म्हणजे कान तपासणाऱ्या. मी दाबला गेलो, की त्यांच्या बाजूला मशीनवर एक छोटा दिवा लागायचा.

रोज सकाळी बाई मला एकदा दाबून बघत, घाईघाईनं, कुलूप लागलंय की नाही बघावं तसं. मग दिवसभर येणाऱ्या प्रत्येकाला त्या एकच वाक्य सांगत, "आवाज कितीही पुसट असू दे, आलासा वाटला की दाबा. पण ऐकू आलं तरच दाबा. इथे कुणी नापास होत नाही."

बाहेरच्या टेबलावर कानाचा एक मोठा साचा होता. त्याचे भाग सुटे व्हायचे. लहान मुलं आली की बाई तो उघडून दाखवत. "हा पडदा. आवाज येऊन याच्यावर आपटतो. त्याच्यामागे ही तीन हाडं. शेवटचं तर तांदळाच्या दाण्याहून लहान. ते हलतं आणि या शंखाचं दार ढकलतं." शंख खरा केवढा असतो, असं कुणी विचारलं की त्या म्हणत, "वाटाण्याएवढा! पण आत पाणी आहे. त्या पाण्यात लाट उठते आणि आतले बारीक केसांसारखे तुरे हलतात. हजारो असतात. बारीक, चिरके आवाज दारापाशीचे तुरे पकडतात. जाड, घोगरे आवाज पार आतले. तुरा हलला की मेंदूला निरोप जातो." मग त्यांचा आवाज जरा उतरायचा. "नख तुटलं तर वाढतं, बाळांनो. हा तुरा एकदा मोडला की परत उगवत नाही. मोठ्या आवाजानं मोडतो, वयानं मोडतो. आणि दारापाशीचे आधी जातात."

तपासायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी सहज ऐकू येईल असा सूर द्यायचा. मग आवाज दहा-दहा डेसिबलनं कमी करत जायचं. अंगठा थांबला की पाच-पाचनं वाढवायचं. जिथे अंगठा पुन्हा हलेल ती त्या सुराची हद्द. तिथे कागदावर खूण करायची, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. तो कागदही उफराटा. ऐकणं जेवढं वाईट तेवढी खूण खाली.

अशा किती अंगठ्यांखाली मी गेलो! शाईचे अंगठे, पिठाचे अंगठे, नखं कुरतडलेले अंगठे. त्यांनी मला एक गोष्ट शिकवली. मोठा आवाज आला की अंगठा चटकन दाबतो. आवाज अगदी पुसट झाला की तोच अंगठा अडखळतो, आधी नुसता टेकतो, विचारतो, आला का? आला बहुतेक. आणि मग हळूच दाबतो. खरं ऐकणारा अंगठा शेवटी शेवटी असा भित्रा होतो. मला तो क्षण फार आवडायचा. वाटायचं, यांना काय ऐकू येत असेल एवढं? एकदा, एकदाच मलाही यावं.

आता मी मिस्त्रींविषयी सांगतो.

मिस्त्री म्हणजे बाईंचे वडील. चाळीस वर्षं बसच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केलेली. त्यांचा कान डेपोत नावाजलेला होता. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला टेकवायची आणि नुसतं ऐकून दुखणं सांगायचं. बाई लहान असताना मिस्त्रींनी त्यांनाही तसंच ऐकवलं होतं. "ऐक गं, बेअरिंग रडतंय." बाई ही गोष्ट सगळ्यांना सांगत. म्हणत, "मी या कामात आले ती त्या स्क्रू-ड्रायव्हरमुळे."

निवृत्तीनंतर डेपोनं मिस्त्रींना पुन्हा बोलावलं. सकाळी गाड्या सुटण्याआधी इंजिनं ऐकून कुठली गाडी सोडायची, कुठली अडवायची ते सांगायचं. अट एकच, कान चांगले असल्याचा दाखला हवा. मिस्त्री कागद घेऊन थेट लेकीकडे आले.

"घरच्या माणसाला मी तपासत नाही, बाबा. दुसरीकडे पाठवते," बाई म्हणाल्या.

"मला दुसऱ्याकडे पाठवतेस? आईला कळलं तर तुझं काही खरं नाही. चल, ठिणगे, दोन मिनिटांचं काम."

ठिणगी हे बाईंचं घरचं नाव. ते ऐकून त्या हसल्या आणि तिथेच चुकल्या. त्यांनी स्वतःचा नियम मोडला. मिस्त्रींनी आत बसल्यावर मान अवघडते म्हणून खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली. खरं तर खुर्ची आडवी असते, आतल्याला बाहेरचं दिसू नये म्हणून. बाईंनी तेही चालवून घेतलं.

मी त्यांच्या मुठीत गेलो. केवढा राकट अंगठा! तेलानं काळ्या झालेल्या भेगा, नखाचा एक कोपरा कायमचा चेपलेला. तपासणी सुरू झाली. अंगठा दाबू लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या सुरालाच मला संशय आला. सगळे दाब सारखे होते, एकदम ठाम, हातोडीच्या ठोक्यांसारखे. सूर पुसट होत गेला तरी अंगठा एकदाही अडखळला नाही. मित्रांनो, हा अंगठा ऐकत नव्हता.

मी काय करणार? खटक्याला दाबलं की दिवा लावायचा, एवढंच येतं. मी खोटा दिवा लावत राहिलो. त्या दिवशी मला स्वतःची लाज वाटली.

बाहेर बाई खुणा करत होत्या. लाल गोल वरच्या वर, अगदी शाळकरी पोराच्या कानासारखे. त्यांचा चेहरा क्षणभर फुलला. मग पेन्सिल थांबली. चाळीस वर्षं डिझेल इंजिनाशेजारी काढलेला कान असा कसा असेल? त्यांनी हात मशीनवर ठेवला, दर वेळी ठेवत तसाच. फक्त या वेळी सूर सोडलाच नाही.

अंगठ्यानं मला दाबलं. दिवा लागला.

त्यांनी पुन्हा तसंच केलं. पुन्हा दिवा लागला. तिसऱ्यांदाही लागला.

बाई आत आल्या. चिडतील असं मला वाटलं होतं. त्या चिडल्या नाहीत. वडिलांच्या कानांवरचा हेडफोन काढून त्या खाली, त्यांच्या गुडघ्यापाशी बसल्या.

"बाबा, माझा हात बघत होतात ना?"

मिस्त्रींनी मला हळूच मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "हात नाही गं. जीभ. लहानपणी पाटीवर अक्षर गिरवताना तुझी जीभ अशी ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. अजून येते. आली की समजायचं, तू सूर सोडलास."

बाईंनी नकळत ओठांवर हात ठेवला. त्यांचे डोळे भरून आले. माझ्याजवळ डोळे नाहीत म्हणून बरं.

"कधीपासून?"

"तुझ्या लग्नाच्या आधीपासून."

"आणि इंजिनं?"

"हात ठेवून कळतात. बरीचशी. सगळी नाही." मग ते घाईनं म्हणाले, "दे ना सही. तुझ्या बापाचा कान गेला हे डेपोत कशाला कळायला हवं?"

बाईंनी खुर्ची भिंतीकडे फिरवली. "परत करू या. आता तुम्ही आणि आवाज, दोघंच. ऐकू आलं तरच दाबा."

ती दुसरी तपासणी मी जन्मात विसरणार नाही. जाड सुरांना अंगठा बरा चालला. सूर बारीक होऊ लागले आणि अंगठा माझ्यावर नुसता टेकून राहिला. आपण स्टँडवर कुणाची तरी वाट बघतो, गाडी येते, माणसं उतरतात, आपलं माणूस उतरत नाही, तसा तो वाट बघत होता. दाबू का, दाबू का करत होता आणि दाबत नव्हता. मला ओरडून सांगावंसं वाटलं, "मिस्त्री, मलाही नाही ऐकू येत हो! तुम्ही एकटे नाही."

मग बाईंनी हेडफोन काढून कंप देणारी एक छोटी डबी त्यांच्या कानामागच्या हाडावर बसवली. "इथेच ना तो स्क्रू-ड्रायव्हर टेकवायचात?" मिस्त्रींनी मान हलवली. पडद्यात किंवा त्या तीन हाडांत अडथळा असता, तर कवटीच्या हाडातून आवाज थेट शंखापर्यंत पोचला असता. पण बारीक सूर तिथूनही पोचले नाहीत. दारापाशीचे तुरे गेले होते. कागदावरची रेघ डावीकडे, जाड सुरांपाशी, बरी होती आणि उजवीकडे, बारीक सुरांपाशी, घसरगुंडीसारखी खाली गेली.

बाईंनी जे होतं तेच लिहिलं आणि सही केली. मिस्त्रींनी कागद खिशात घातला आणि ते निघून गेले. काम गेलं. त्यापेक्षा वाईट म्हणजे बाप-लेकीचं बोलणं गेलं. दीड महिना! बाई रोज सकाळी मला दाबत आणि तशाच दिव्याकडे बघत उभ्या राहत. मी बरोबर काम केलं होतं, त्यांनीही केलं होतं, तरी आम्हा दोघांना करमत नव्हतं.

एक दिवस मिस्त्री आपणहून आले. "ते कानात घालायचं यंत्र दाखव. तुझी आई माझ्याशी पाटीवर लिहून बोलायला लागली आहे, आणि तिचं अक्षर भयंकर आहे."

बाईंनी यंत्र बसवलं, आवाज जुळवला आणि समोर बसून म्हणाल्या, "बाबा."

"बाबा काय, ते ऐकू यायचंच. दुसरं काहीतरी बोल."

"चहात साखर कमी घ्या."

मिस्त्रींचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांत निसटलेला तो बारीक 'स' त्यांना सापडला होता. ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "हे ऐकू आलं नाही असं धर." दोघं हसली आणि मग दोघंही रडली. मोडलेले तुरे यंत्रानं उगवत नाहीत. पहिल्यासारखा कान काही मिळाला नाही. पण लेक थोडी परत मिळाली.

पुढे दवाखान्यात नवीन मशीन आलं. त्याला स्वतःचा गुळगुळीत खटका होता. मी ड्रॉवरमध्ये गेलो, मेलेल्या बॅटऱ्या आणि गुंतलेल्या वायरींच्या संगतीत. तिथे किती दिवस गेले, कळलं नाही. दार वाजलं की वाटायचं, आता अंगठा येईल. रोज सकाळी मला दाबून बघणाऱ्या हातांनीच ड्रॉवर बंद व्हायचं. राग नाही, पण आठवण यायची, सगळ्यांची. आणि तो कधीच न ऐकलेला सूर, त्याचीही आठवण यायची. न भेटलेल्याची कशी येते, विचारू नका.

एकदा यंत्र दाखवायला आलेल्या मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हर शोधताना ड्रॉवर उघडलं. "अरे, हा माझा साक्षीदार! हा टाकू नकोस, मला दे." घरी नेऊन त्यांनी माझी स्प्रिंग बदलली, नवी वायर जोडली आणि मला घराच्या दारावर बसवलं. घरात एकटे असताना ते कानातलं यंत्र काढून ठेवतात, कान अवघडतो म्हणून. त्यामुळे बेल ऐकू येत नाही. आता बाहेरून कुणी मला दाबलं, की त्यांच्या खुर्चीसमोर एक दिवा लागतो.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणी 'हो हो' म्हणत नुसती मान हलवत असेल. त्यांना हसू नका. समोर जाऊन बसा, चेहरा दिसू द्या, सावकाश बोला. आपले कान जपा, तुरे परत उगवत नाहीत. आणि कधी तुम्हालाच ऐकू आलं नाही, तर तसं सांगा. खोटा दिवा लावू नका. मी लावलाय, मला ठाऊक आहे तो किती जड असतो.

सुट्टीच्या दिवशी ठरल्या वेळी बाई येतात. दवाखान्यात रोज घाईनं दाबणारा तो अंगठा इथे मात्र आधी माझ्यावर नुसता टेकतो. मग हळूच दाबतो. त्या दाराकडे बघत थांबतात, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात येतं. मी आत दिवा लावतो. थोड्या वेळानं चपला फरफटत दारापाशी येतात आणि कडी निघायच्या आधीच आतून आवाज येतो, "आलो गं, ठिणगे, दिसलीस."