शेवटच्या कडव्याआधीचा श्वास

ऑफिसात तिला सगळे सफाईवाली म्हणत, आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. जुन्या गाण्यांच्या टेपांवरची खरखर, खोकले, खुर्च्यांची कुरकुर काढून टाकायची, हेच तिचं बावीस वर्षांचं काम. आज समोर खुद्द मखमल बसले होते. मऊ गळ्यामुळे सगळं जग या गायकाला याच नावाने ओळखायचं. पन्नास वर्षांपूर्वी त्यांचं एक संथ प्रेमगीत सलग एकतीस आठवडे पहिल्या नंबरावर ठाण मांडून होतं. त्यांनीच आपल्या कपाटातली मूळ टेप दिली होती, गाणं नव्याने निघणार होतं, आणि त्यांच्या होकाराशिवाय पान हलणार नव्हतं.

"व्हायोलिनं बंद करा," ते म्हणाले. "नुसता माझा गळा ऐकवा."

टेपवर गळा आणि वाद्यं वेगवेगळी होती. तिने कॉम्प्युटरवर उतरवून साफ केलेला गळा तेवढा लावला. म्हातारबुवा डोळे मिटून ऐकत होते. शेवटचं कडवं जवळ आलं तसे ते पुढे सरकले, कानामागे तळहात धरला. कडवं सुरू झालं आणि त्यांनी डोळे उघडले.

"इथे एक श्वास होता."

"ठेवलाय की, साहेब. तुमचे सगळे श्वास ठेवलेत."

"माझा नाही. बायकोचा."

तिने गाणं थांबवलं.

"मला ताल मोजता येत नाही," मखमल म्हणाले. "हसू नका. ती शेजारी उभी राहायची. कडवं उचलायची वेळ आली की ती श्वास घ्यायची आणि मी गायचो. लोक मात्र माझं कौतुक करायचे, काय वेळ साधतो म्हणून! रेकॉर्डवर तो व्हायोलिनांखाली दबला. तिला जाऊन चाळीस वर्षं झाली. तिचा आवाज कुठेच नाही. म्हटलं, टेपवर तरी सापडेल."

तो होता. परवा तिनेच ऐकला होता, छोटासा, ओढून घेतलेला, आणि फालतू आवाज समजून पुसून टाकला होता. तोही कसा? या धंद्यातला पहिला धडा असा की टेपवरून उतरवलेलं तसंच ठेवायचं आणि सफाई त्याच्या नकलेवर करायची. नवशिक्यांना ती हे दरडावून शिकवायची. परवा घाईघाईत स्वतः मात्र नक्कल न काढताच हात चालवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

'टेपवर काही नव्हतं' एवढं म्हटलं असतं तरी ती सुटली असती. त्यांना काय कळणार होतं? पण त्यांचा तळहात अजून कानामागेच होता.

"होता," ती म्हणाली. "मी पुसला. चूक माझी आहे."

मखमलांनी कानामागचा तळहात खाली घेतला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"टेपवर अजून असेल," ती घाईने म्हणाली. "पण आवाज धरून ठेवणारा तिचा लेप सुटत चाललाय. मंद आचेवर शेकून कशीबशी एकदा वाजवली, तर तपकिरी भुकटी पडली. पुन्हा लावली तर बहुतेक तुटेल."

"टेप माझी आहे ना? लावा."

तिने रीळ हाताने, बोटभर बोटभर फिरवत शेवटच्या कडव्याच्या जरा अलीकडे आणलं. रेकॉर्डिंग सुरू झाल्याचं दोनदा तपासलं, तरी समाधान होईना, म्हणून तिसऱ्यांदा तपासलं. मग बटण दाबलं.

टेप किंचाळत सरकू लागली. खाली भुकटी गळत होती. आधीच्या कडव्याची शेवटची ओळ निम्मी ऐकू आली, निम्मी विरली. तिने स्वतःचा श्वास रोखला. ओळ संपली, शांतता झाली, आणि त्या शांततेत एका बाईने श्वास घेतला.

त्याच क्षणी टेप तुटली.

आणि म्हाताऱ्याने कडवं उचललं. आवाजात मखमल कसली, नुसता गोणपाट उरला होता. दोन ओळी गायले, तिसरीला ते थांबले.

"बरोबर उचललं ना गं?" त्यांनी टेपच्या मशीनला विचारलं.