सासूबाईंच्या मेणअळ्या

सून दोन महिन्यांच्या ट्रेनिंगला निघाली तेव्हा तिने सासूबाईंवर दोन जबाबदाऱ्या सोपवल्या. एक, काचेच्या पेटीतली ठिपकेदार पाळीव पाल, लाडाचं नाव पहिलवान. दुसरी, त्याच्या खाऊसाठी आणलेल्या मेणअळ्यांची, म्हणजे मधमाश्यांच्या पोळ्यातलं मेण खाणाऱ्या अळ्यांची डबी.

“याचं रोजचं खाणं बाबा बघतील. अळ्या म्हणजे त्याची चैन. आठवड्यातून दोनच द्या, नाहीतर फुगेल. आणि डबी गार जागी ठेवा, आई.”

सासूबाई शिवणकाम करायच्या. हात कात्रीला सरावलेला, पण अळी दिसली की अंगावर काटा. डबी त्यांनी दोन बोटांत धरून शिवणखोलीत नेली आणि इस्त्रीच्या टेबलाखाली ढकलली. गार जागा शोधत कोण बसतंय!

तिथल्या उबेत अळ्यांनी बाळसं धरलं. आठवड्याभरात डबीतला कोंडा फस्त. सासूबाईंनी फोन लावला.

“अगं, या उपाशी आहेत.”

“मग कोंड्यात मध आणि थोडं ग्लिसरीन कालवा. भुसभुशीत ठेवा, चिखल नको.”

“बाळंतिणीचे लाड झाले की हे!”

पण लाड केले. अळ्या काचेच्या बरणीत गेल्या, तोंडाला मलमल बांधली गेली. पहिलवानासाठी आता सगळ्यांत किडकिडीत दोन निवडल्या जाऊ लागल्या.

“मला कधी इतक्या प्रेमाने वाढलं नाहीस,” सासरे म्हणाले.

“तुम्ही कधी इतकं मुकाट्याने खाल्लं नाहीत.”

मग अळ्यांनी कोश विणले. सासूबाई चष्मा पुसून पुसून बघत बसल्या. सुई नाही, मशीन नाही, आणि काम कसं घट्ट! दोन-अडीच आठवड्यांनी राखाडी पतंग बाहेर आले. सासूबाईंनी हौसेने बशीत मध ठेवला. एकही फिरकला नाही.

“आई, त्यांना खाता येतच नाही,” सून फोनवर म्हणाली. “अळी असताना खाल्लेलं तेवढंच. त्यावर जेमतेम दोन आठवडे जगतात.”

सासूबाईंनी मधाची बशी उचलली. मग म्हणाल्या, “बरं झालं बाई, तेव्हा हात आखडला नाही.”

दुसऱ्या दिवशी गल्लीतले दातांचे डॉक्टर सासूबाईंकडे शिवायला टाकलेला लग्नाचा कोट घालून बघायला आले. बाहीत हात घालतात तोच आतून पतंग फडफडत निघाला. दिवसभर लोकांना ‘घाबरू नका’ म्हणणारे डॉक्टर थेट स्टुलावर!

सासूबाईंनी बरणी पाहिली. मलमलीला अळ्यांनी पाडलेलं भोक. कोटाचं अस्तर उसवलं तर आत तीन रिकामे कोश आणि कुरतडलेलं कापड.

त्यांचा चेहरा उतरला. “डॉक्टर, खोटं कशाला बोलू? पतंग माझेच आहेत. मीच पाळलेत. अस्तर नवं घालून देते, परवा न्या.”

डॉक्टर स्टुलावरून उतरले. सगळी हकिकत ऐकून म्हणाले, “खाणंच नाही म्हणता? म्हणजे यांच्यातलं कुणी माझं गिऱ्हाईक व्हायचं नाही.”

सासूबाईंना हसू फुटलं. दोन दिवस खपून त्यांनी अख्खं अस्तर बदललं, बरणीला बारीक तारेची जाळी बसवली, आणि पतंगांना अंडी घालायला कागदाच्या घड्या करून आत सोडल्या.

सून परतली तेव्हा फळीवर दोन बरण्या होत्या.

“ही पहिलवानाची,” सासूबाई म्हणाल्या.

“आणि ती?”

“तिला हात लावायचा नाही. कालच पिल्लं निघालीत, केसाएवढी. बॅग ठेव आधी, आणि हे भिंग घे. अशी नाही गं, उजेडाकडे धर.”