जांभळी सही

वल्लरी नागपूरहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. करून अमेरिकेत आली होती आणि विद्यापीठात जुन्या चित्रांचे कागद दुरुस्त करायला शिकत होती; फीसाठी तिथल्याच म्युझियमच्या लॅबमध्ये नोकरीही करत होती. त्या दुपारी तिच्यापुढे १९११ सालचं एक एचिंग होतं, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं चित्र. उन्हाळ्यात गच्चीवर जमलेले भाडेकरू, दोघं पत्ते खेळताहेत, एक बाई ओले केस मोकळे सोडून बसलीय. कागद पिवळा पडला होता, म्हणून तो शुद्ध पाण्यात धुवायचा होता.

तिनं तो ट्रेमध्ये सोडला. मिनिटभरात कोपऱ्यातली चित्रकाराची सही जांभळी झाली आणि पसरू लागली.

साध्या पेन्सिलीसारखी दिसणारी ती सही पाण्यात विरघळून जांभळी होणाऱ्या जुन्या पद्धतीच्या पेन्सिलीनं केलेली होती. धुण्याआधी सहीवर एक थेंब टाकून बघायचा, हा पहिला नियम. वल्लरीनं थेंब टाकलाच नव्हता. आदल्या संध्याकाळी बस चुकेल म्हणून फॉर्मवर नुसती ‘टेस्ट केली’ अशी खूण केली होती.

तिनं झटकन कागद उचलून टिपकागदात दाबला. डाग अंगठ्याएवढा होऊन थांबला. नोकरी गेली तर फी कुठून भरणार, व्हिसाचं काय होणार, घरी काय सांगणार?

तिनं रूममेट अनयाला फोन लावला. धुण्याआधीचा फोटो अजून फक्त आपल्याच कॅमेऱ्यात आहे, हेही तिनं सांगितलं.

अनया हळू आवाजात म्हणाली, “डिलीट कर यार. डाग आधीपासूनच होता म्हण.”

वल्लरीनं कॅमेरा हातात घेतला. डिलीटच्या बटणावर बोट ठेवलं आणि परत काढून घेतलं. मग कॅमेरा आणि फॉर्म दोन्ही घेऊन ती लॅबप्रमुख मार्थाच्या खोलीत गेली.

“टेस्ट न करताच मी खूण केली,” ती म्हणाली. आणि तिनं धुण्याआधीचा फोटो मार्थापुढे धरला.

मार्थानं भिंगातून डाग पाहिला. ती रागावली नाही, त्यामुळे वल्लरी आणखीच घाबरली. सोमवारी म्युझियमच्या कमिटीशी बोलते, तोवर कशालाही हात लावू नकोस, एवढंच मार्थानं सांगितलं.

सोमवारी मार्थाची मेल आली तेव्हा वल्लरीनं फोन अनयाच्या हातात दिला.

“नोकरी आहे,” अनया वाचत म्हणाली. “पण वर्षभर चित्रं धुण्याचं काम नाही. आणि या डागाच्या रिपोर्टमध्ये तुझं नाव राहणार.”

वल्लरीनं फोन परत घेऊन मेल स्वतः वाचली. मग ‘मान्य आहे’ एवढं उत्तर तिनं मार्थाला पाठवलं.