चित्रकाराच्या मुलीची अकरा वाक्यं

जानेवारीतली सकाळ होती. सात वाजले होते आणि अंगात स्वेटर असूनही माझी बोटं गारठली होती. स्वयंपाकघरात माझी धाकटी बहीण रूपा फ्रीजमधल्या बर्फाचे खडे एकामागून एक कडाकडा चावत होती.

"दात दुखतोय का गं?" मी बाहेरूनच विचारलं.

"नाय. बरं वाटतं."

मी पुन्हा लॅपटॉपकडे वळले. त्या दिवसांत मी एका जुन्या सिनेमाचे संवाद मराठीत उतरवत होते. आम्ही राहतो बजाजनगरला, पण माझी नोकरी शहरात, एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. संध्याकाळी मी औरंगपुऱ्यातल्या एका सिनेमा मंडळाचं काम बघते. मंडळाच्या सोमनाथ सरांनी या वेळी एक परदेशी, कृष्णधवल सिनेमा निवडला होता, रक्त पिणाऱ्या पिशाच्चाचा. पडद्यावर खाली दिसणाऱ्या मराठी ओळी मी लिहायच्या आणि सिनेमा संपल्यावर त्यात काय जमलंय, काय फसलंय यावर वीस मिनिटं बोलायचं, असं ठरलं होतं.

सिनेमाची गोष्ट साधी आहे. नदीकाठच्या गावात एक चित्रकार आणि त्याची तरुण मुलगी राहतात. एक उमराव स्वतःचं चित्र काढून घ्यायला रोज दिवेलागणीला येतो. तो दारात थांबतो आणि कुणी "या" म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. इकडे चित्र पुरं होत जातं, तिकडे मुलगी पांढरी पडत जाते.

पहिल्या तासाभरात दिग्दर्शक रक्ताचा एक थेंबही दाखवत नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज येतो आणि कॅमेरा नुसता भिंतीकडे बघत राहतो. ओळी लिहायच्या म्हणजे एकेक प्रसंग दहा-दहा वेळा बघावा लागतो. भर दिवसा, गल्लीत भाजीवाल्याची हाक चालू असताना, त्या भिंतीकडे बघवायचं नाही, मी सिनेमा मधेच थांबवायचे.

रूपा सव्वीस वर्षांची. वाळूजच्या एका कंपनीत गाड्यांच्या वायरी जोडायचं काम करते, आठ तास उभ्यानं. वैजापूरच्या धम्मपालशी तिचं लग्न ठरलं होतं, तारीख एप्रिलमधली. लग्न ठरलेल्या मुलीच्या तोंडावर तेज येतं म्हणतात. रूपाचे ओठ मात्र कागदासारखे झाले होते. उन्हात गेलं की चक्कर येते म्हणून सुट्टीच्या दिवशी ती पडदे ओढून बसायची. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. एका संध्याकाळी तिच्या मागून जिना चढत होते, तर ती मधेच कठड्याला धरून थांबली आणि म्हणाली, "मला जरा बसू दे."

त्याच दुपारी मी चित्रकाराच्या मुलीच्या तोंडी ओळ लिहिली होती, 'मला जरा बसू द्या.' तीही जिन्यातच, कठड्याला हात टेकून.

त्यानंतरच्या रविवारी मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. रूपा दुपारी झोपली होती. श्वास इतका उथळ होता की पांघरूण हलत नव्हतं. मी खाली वाकून तिचे केस बाजूला केले आणि मान बघितली. मानेवर काहीच नव्हतं. तेवढ्यात तिनं डोळे उघडले.

"काय बघतीस?"

"डास होता," मी म्हणाले.

खालच्या मजल्यावरच्या दगडाबाईंनी माझ्यासारखं लपवलं नाही. चहाला आल्या तेव्हा आईला सरळ म्हणाल्या, "भामाबाई, पोरगी वाळत चालली. बाहेरचं असंल काहीतरी. आमच्या गावाकडं एकजण हाय, उतरवून देतो."

एरवी आईनं तिथंच तोडलं असतं. त्या दिवशी ती गप्प राहिली, बशीतल्या चहाकडे बघत. मला दगडाबाईंच्या बोलण्यापेक्षा आईच्या गप्प राहण्याची जास्त भीती वाटली.

बाबांचं नाव रामकिसन. कंपनीतून निवृत्त झालेत, आयुष्यभर युनियनचं काम केलेलं. ते शांतपणे म्हणाले, "दगडाबाई, चहा घ्या निवांत. पण ते आपल्याकडं नाय." आणि दुसऱ्या दिवशी ते रूपाला मोठ्या रस्त्यावरच्या एका खासगी डॉक्टरकडे घेऊन गेले. मीही गेले.

डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि बाबांकडे तोंड करून सांगितलं, "अशक्तपणा आहे. लग्नाचं टेन्शन घेतात मुली. नीट खाऊपिऊ घाला."

"रक्त तपासायचं का?" बाबांनी विचारलं.

"पंधरा दिवस गोळ्या घेऊ द्या, मग बघू."

रूपा दोघांच्या मधल्या स्टुलावर मांडीवर पर्स धरून बसली होती. आम्ही गोळ्या आणि एक लाल टॉनिक घेऊन घरी आलो. आई रोज बीट किसायची, एक दिवसाआड कलेजी करायची. रूपा ताट बाजूला सारायची आणि बर्फ मागायची. दहा दिवसांत तिचा आवाज बारीक झाला. एकदा फोनवर धम्मपालशी बोलताना तिला अर्ध्या वाक्यात दम लागला. "जिना चढून आले ना, म्हणून," असं ती त्याला म्हणाली. ती दोन तासांपासून पलंगावरच होती.

सिनेमाचा दिवस शनिवारचा. त्या दिवशी रूपानं पहिल्यांदाच कंपनीत दांडी मारली. मी जाऊ की नको करत होते. तीच म्हणाली, "जा तू. आई हाय घरात."

अडीचला सुरू केलं. चाळीसेक माणसं होती. मोठ्या पडद्यावर पहिला तास बघताना कुणी खोकलंसुद्धा नाही. उमराव दारात थांबायचा, चित्रकार "या" म्हणायचा, आणि माझ्या शेजारची बाई हळूच म्हणायची, "नको म्हण, नको म्हण." उत्तरार्धात मात्र सिनेमा ढिला पडतो. वैद्य, बाप आणि मुलीचा नियोजित नवरा तिच्या खाटेभोवती उभे राहून लांबलचक बोलतात. मग घोड्यांचा पाठलाग, आणि कापडाचं एक वटवाघूळ, ज्याची दोरी स्पष्ट दिसते. तिथं सगळे हसले.

मी बोलायला उभी राहिले. न दाखवता घाबरवणं हे या सिनेमाचं खरं बळ आहे, म्हणाले. तो उमराव जबरदस्तीनं शिरत नाही, घरातलीच माणसं त्याला रोज आत घेतात, म्हणून तो पंजे-सुळे दाखवणाऱ्या भुतांपेक्षा जास्त भिववतो. मग उणिवा सांगितल्या. दोरीचं वटवाघूळ, वैद्याचं भाषण, घाईत उरकलेला शेवट. टाळ्या पडल्या.

पहिल्या रांगेत मनकर्णाबाई बसल्या होत्या. सरकारी दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या, आमच्या मंडळात न चुकता येणाऱ्या. त्यांनी हात वर केला.

"ती पोरगी किती बोलते गं ह्यात?"

संवाद मीच लिहिले होते, त्यामुळे मला माहीत होतं. "अकरा वाक्यं."

"त्यातली उत्तरं किती? म्हणजे कुणी तिला काही विचारलं आणि ती बोलली, अशी?"

मी हातातले कागद चाळले. 'पाणी द्या.' 'खिडकी उघडा.' 'मला जरा बसू द्या.' 'बाबा कुठं आहेत?' शेवटपर्यंत गेले आणि परत पहिल्या पानावर आले.

"एकही नाही," मी म्हणाले.

"मग ही उणीव वटवाघळाच्या आधी सांगायला पाहिजे होतीस," त्या म्हणाल्या. "तीन शहाणी माणसं खाटेपाशी उभी, आणि तुला काय होतंय बाई, एवढं कुणी विचारंना. मी वॉर्डात हेच बघत आले."

लोक थोडं हसले. डोळ्यांसमोर ते स्टूल आलं, आणि मांडीवर पर्स धरून बसलेली रूपा. डॉक्टरांनी तिला एकही प्रश्न विचारला नव्हता. बाबांनी नाही, आईनं नाही, आणि तिची मान तपासणाऱ्या मीही नाही. मी माईक सोमनाथ सरांच्या हातात दिला आणि स्कूटी काढली.

वाटेत एका पेट्रोल पंपापाशी थांबून मी आईला फोन लावला. तिनं उचलला नाही. नगर नाक्यावर परत लावला. रूपाचा फोन वाजत राहिला. गोलवाडीजवळ ट्रकांची रांग लागली होती आणि त्या धुरात उभी राहून मी स्वतःला समजावत होते की आई दळण आणायला गिरणीत गेली असेल, रूपा झोपली असेल.

आई खरोखरच गिरणीत गेली होती. घराचं दार नुसतं लोटलेलं. पलंग रिकामा. बाथरूममध्ये नळ चालू होता.

"रूपा?"

मी दारावर थाप मारली. बऱ्याच वेळानं आतून आवाज आला, "येते."

मी तिथंच जमिनीवर बसले, दाराला पाठ टेकून. "येऊ नको. आधी मला सांग, तुला काय होतंय?"

नळ बंद झाला. मग ती इतक्या हळू बोलली की मला कान दाराला लावावा लागला.

"पाळी थांबत नाय, ताई."

"कधीपासून?"

"दसऱ्याच्या आधीपासून. मधे चार दिवस थांबती, परत सुरू. लई जाते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? डॉक्टरसमोर बाबा होते." ती दम घ्यायला थांबली. "आणि पिशवीत काही निघालं तर? धम्मपालची आई पहिल्याच दिवशी म्हणली व्हती, पोरगी निरोगी पाहिजे. लग्न होऊस्तोवर काढू म्हणलं. कंपनीत काळी सलवार घालून जाते. दोनदाच सोडतात बाथरूमला."

मी काही बोलणार तेवढ्यात ती म्हणाली, "ताई, मला उठता येईना."

"कडी काढ. रूपा, नुसती कडी काढ."

आत काहीतरी घासत सरकल्याचा आवाज येत राहिला, थांबून थांबून. दोन-तीन मिनिटं लागली असतील. माझा सगळा जीव त्या एका कडीकडे लागला होता. शेवटी ती खडखडली. दार उघडलं तर रूपा भिंतीला टेकून बसलेली, डोळे अर्धे मिटलेले. पांढऱ्या फरशीवरून पाणी जाळीकडे चाललं होतं आणि ते पाणी लाल होतं.

मी जिन्यात जाऊन हाक मारली. पहिल्या दगडाबाई धावत आल्या. आल्या आल्या त्यांनी आपली शाल रूपाभोवती गुंडाळली, तिचे पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि मला म्हणाल्या, "रडू नको. रिक्षा बघ." बाहेरच्याचं नाव त्यांनी परत कधी काढलं नाही. बाबा खालीच भेटले. घाटीला, म्हणजे शहरातल्या सरकारी दवाखान्यात पोचेपर्यंत रूपाचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. मी दर मिनिटाला तिला काहीतरी विचारत होते, फक्त तिनं उत्तर द्यावं म्हणून. छावणीपाशी तिनं उत्तर देणं बंद केलं. तिथून दवाखान्याच्या फाटकापर्यंतचा रस्ता मला आठवत नाही.

हिमोग्लोबिन चारच्याही खाली होतं. एका तरुण डॉक्टरबाईंनी बाबांना बाहेर थांबायला सांगितलं, खुर्ची खाटेजवळ ओढली आणि रूपा डोळे उघडेपर्यंत थांबून तिलाच विचारायला सुरुवात केली, बर्फ खावासा वाटतो का हेसुद्धा; रक्त कमी झालं की तसं होतं म्हणे. रक्ताची पहिली पिशवी चढली तेव्हा बाबा रक्त द्यायला रांगेत उभे होते आणि त्यांच्या मागं दगडाबाईंचे मालक. तिसऱ्या पिशवीनंतर रूपाच्या ओठांना थोडा रंग आला. आई तिच्या नखांकडे एकटक बघत बसली होती.

सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, कर्करोगाची नसलेली. दोन आठवड्यांनी शस्त्रक्रिया करून ती काढली. गर्भाशय तसंच राहिलं.

धम्मपालला रूपानंच फोन केला, वॉर्डातून, आम्हा सगळ्यांना बाहेर घालवून. तो म्हणाला, "घरी बोलून सांगतो." पाच दिवसांनी त्याच्या आईचा बाबांना फोन आला. जरा थांबू या, म्हणाल्या. बाबा "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. थांबू या म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. रूपा एक संध्याकाळ भिंतीकडे तोंड करून रडली. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मटण कर."

मार्चमध्ये ती कामावर परत गेली. मला काळजी होती की तिथं कुजबुज होईल. झाली. पण पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत लाईनीवरच्या दोघीजणी वेगवेगळ्या तिच्यापाशी येऊन बसल्या आणि डबा उघडता उघडता खालच्या आवाजात विचारायला लागल्या, घाटीत कुठल्या नंबरच्या खोलीत जायचं, आणि आत नवऱ्याला घेतात का.

"एकीचं मला लई भ्या वाटतं," रूपा मला म्हणाली. "चालताना भिंतीला धरती ती."

"मग तू काय म्हणालीस?"

"इचारलं तिला सगळं. गुरुवारी सुट्टी टाकलीये मी आणि तिनं. घाटीला नेते तिला."

गुरुवारी सकाळी आठला ती निघाली. चौकात रिक्षापाशी एक हडकुळी बाई डोक्यावर ओढणी घेऊन उभी होती. मी गॅलरीतून बघत होते. रूपानं तिचा हात धरला आणि आधी तिला आत बसवलं.