पाणकोंबडीच्या पोटातली करणी

लहूचा खोकला महिना झाला तरी थांबत नव्हता, आणि त्याच्या बायकोच्या, सगुणाच्या जिवाला थारा नव्हता. घरात बसावं तर नवऱ्याची धाप ऐकवेना, मासळीची टोपली घेऊन बाजारात बसावं तर सगळं लक्ष घरी. वेसाव्याच्या कोळीवाड्यात ज्याला त्याला औषध ठाऊक! डॉक्टरकडे ने, एवढंच कुणी म्हणत नव्हतं. शेवटी एकीने सांगितलं, पाणकोंबडीचा रस्सा दे, खोकला पळतो की नाही बघ.

पाणकोंबडी आणून दिली शेजारच्या रुक्मिणीने. बाई मालवणकडची. गिरणीच्या संपात नवऱ्याची नोकरी गेली, तेव्हा परळची खोली सोडून ती कोळीवाड्यात भाड्याने राहायला आली होती. तिच्या भावाने खाडीकाठच्या तिवरांत फास लावून पक्षी धरला होता.

सगुणाने पक्ष्याचं पोट चिरलं आणि सुरी टाकून ती किंचाळली. आतड्यांत पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत वळवळत होते!

"करणी! मालवणीनीनं करणी केली गो! माझ्या घोवाला मारायला निघाली!"

झालं! कोकणातल्या माणसाला करणी येते, हे आपल्या मुंबईत शेंबडं पोरही सांगतं. बघता बघता दारात गर्दी जमली. एक जण भगताला बोलवायला धावला, दोघांनी रुक्मिणीची भांडी बाहेर भिरकावली. "आजच्या आज खोली खाली कर!" सगळे ओरडू लागले.

"रवळनाथाची शपथ गो बाय, माका काय्येक म्हायत नाय! भावजींच्या पोटात चार घास जातीत म्हणान दिलंय!" रुक्मिणी रडत होती. पण ऐकतो कोण? आपण बाजारात असताना हीच बाई आपल्या पोरांना जेवू घालते, हे सगुणाच्या मनात टोचत होतं. तरी भीतीपुढे तिचं काही चालेना.

तेवढ्यात लहूची चुलती सोनूबाई गर्दीतून वाट काढत आली. मासळी कापण्यात तिचा जन्म गेलेला. तिने पक्षी उलटापालटा करून पाहिला.

"सगुणा, परवा घोळ मासळी कापलीस, तिच्या पोटात काय निघालं?"

"जंत."

"मग काय केलंस?"

"काढून टाकले नि मासळी धुतली."

"तवा करणी कोणी केली गो? दर्यानं?"

सोनूबाईने चिरलेला पक्षी तिच्यापुढे धरला.

"रानातलं पाखरू किडे खातं, गोगलगाई खातं. त्याच्या पोटात जंत असायचेच! मासळीतले रोज बघतेस म्हणून भ्या वाटत नाय. पाखरातले पयल्यांदा बघितलेस, तर लगेच बोट दाखवायला माणूस पायजे! आणि पाखरानं खोकला जातो, असं कोणी सांगितलं तुला? लहूला इस्पितळात ने, आत्ताच्या आत्ता!"

आत लहूला पुन्हा उबळ आली. सगुणा ताडकन उठली, पण आधी बाहेर गेली. मातीत पडलेली भांडी तिने एकेक करून उचलली.

"रुक्मिणी, चुकले गं. शिव्या दे मना."

रुक्मिणीने पदराने डोळे पुसले. "शिव्यो मागसून देतंय. आधी भावजींका घेऊन जा. पोरांका मी जेवूक घालतंय."

इस्पितळात डॉक्टरांनी क्षय सांगितला. औषधाने बरा होईल म्हणाले, पण इतके दिवस वाया घालवल्याबद्दल चांगलेच रागावले.

वाचकहो, जे कळत नाही ते जाणत्याला विचारावं. त्यासाठी शेजाऱ्याचं घर उठवू नये. त्या दिवशी लहूची पोरं उपाशी राहिली नाहीत. ज्या बाईला वेसावे हाकलून देणार होतं, तिच्याच हातचं जेवून पोरं झोपली.