उंचीचा रकाना

दाक्षायणीबाईंचं वधूवर सूचक केंद्र जुळे सोलापुरात, त्यांच्याच हॉलमध्ये चालतं. स्थळांची माहिती त्या स्वतः शीटमध्ये भरत आणि उंचीच्या रकान्यात मनाला येईल ते लिहीत: ‘पाच-चार’, ‘५ फूट ७’, ‘बेताची’. एका दुपारी भाची अंकितानं ती शीट डेटा साफ करायच्या टूलमध्ये घातली आणि उंचीचे आकडे करायला सांगितलं. ज्याचा आकडा होईना, ते टूलनं पुसून टाकलं. रकाना जवळजवळ कोराच झाला. अंकिताचं लक्षच नव्हतं. ती पुढं गावांची नावं सुधारत बसली होती.

कोरा रकाना पाहून बाईंना वाटलं, हल्ली उंची विचारत नसतील, म्हणून अंकितानंच काढली असेल. फोटो तर चेहऱ्यापुरतेच. त्यांनी मंद्रूपच्या गुरुबसप्पाला शाळेत व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या महानंदाचं स्थळ सुचवलं.

रविवारी मंडळी हॉलमध्ये जमली. महानंदा दारातून वाकून आत आली. गुरुबसप्पा नमस्काराला उठला, तर तिच्या हनुवटीलाच लागला.

“अगं बया! पोरगी लई उंच हाय की!” त्याची आई बोलून गेली.

बाईंनी अंकिताला स्वयंपाकघरात ओढलं. “उंच्या कुठं गेल्या गं?”

अंकितानं लॅपटॉप उघडला. “मावशी, घाबरू नका. टूल आपली प्रत्येक पायरी जपून ठेवतं.”

“मग जा की मागं!”

“नुसतं मागं गेलं तर गावांची दुरुस्तीही जाईल.” तिनं गावांच्या पायऱ्या कॉपी करून ठेवल्या, उंचीच्या आधीपर्यंत मागं गेली आणि तेवढ्याच पुन्हा चालवल्या. रकाना भरला. गुरुबसप्पा पाच-दोन. महानंदा पाच-अकरा.

बाई मटकन स्टुलावर बसल्या. “आता बाहेर कुठल्या तोंडानं जाऊ?”

तेवढ्यात हॉलमधून हसणं ऐकू आलं. दोघींनी डोकावून पाहिलं.

“मीपण कॉलेजात व्हॉलीबॉल खेळायचो,” गुरुबसप्पा सांगत होता. “नेटपर्यंत हातच पोचायचा न्हाई. शेवटी सरांनी स्कोअर लिहायला बसवलं.”

“मग आमच्या शाळेत याच,” महानंदा म्हणाली. “माझ्या मुली खेळतात छान, पण स्कोअरवरून भांडतात.”

साखरपुडा मंद्रूपला झाला. सुनेला कुंकू लावताना सासूबाईंचा हात कपाळापर्यंत पोचेना. महानंदा खाली वाकणार, तोच त्या म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, ताठ उभी ऱ्हा,” आणि स्वतःच पाटावर चढल्या.